देवीला तुझं विचारलंच नाही

आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. तू पडवीत परात घेऊन बसली होतीस. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले होतेस, आणि मला म्हणालीस, "बसा हितं. नुसतं रस्त्याकडं काय बघत बसलाय?" मी बसलो. आठवडाभर आपलं धड बोलणं नव्हतं. तू आपणहून बस म्हणालीस हेच मला पुष्कळ वाटलं. तुझ्या चिमटीतून वाल सुळकन निसटून बाहेर यायचा, साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे. माझ्या हातात त्याची दोन शकलं व्हायची.

"वाल हाय तो, ट्रेलरचा गिअर न्हाय. हळू दाबा."

मी म्हटलं, "पोटात गेल्यावर मोड कोण बघतंय?"

"पोटात जायच्या आधी पानात पडतं ना ते."

 रस्त्यावरून दिवेआगरकडे गाड्या चालल्या होत्या. परात अर्धी झाली तेव्हा तू मान वर न करता म्हणालीस, "त्या कंपनीच्या साहेबाला सांगा, गाळ्याचे कागद घेऊन ये. करते सही."

मी काय म्हणालो? "बरं" म्हणालो. एवढंच. आतून उड्या मारत होतो, पण तोंडाने "बरं". आणि तसाच फोन करायला उठलो. उरलेले वाल तू एकटीने सोललेस. तुझ्या तोंडाकडे मी बघितलं नाही. आज दहा दिवस मी तुझं तेव्हाचं तोंड आठवायला बघतोय, तर मला दिसतात ते नुसते तुझे पाण्यातले हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडून झालं आणि तू ओट्यावर टेकलीस. "जरा बसते," म्हणालीस. बोर्लीहून रिक्षा येईपर्यंत तू गेली होतीस. लोक येतात आणि म्हणतात, पुण्यवान होती, अंथरुणाला खिळली नाही, कुणाला त्रास दिला नाही. मी मान हलवतो. तू त्रास दिला नाहीस हे खरंच आहे. त्रास देणारा मी होतो, आणि तो धडधाकट बसलाय.

भांडण कशावरून, तर एका गाळ्यावरून. रस्त्याकडची ती जागेची पट्टी तुझ्या बापाने तुला दिलेली, तुझ्या नावावर. माझी नोकरी सुटली, फंड आला, तेव्हा त्या पट्टीवर आपण शटरचा एक गाळा बांधला. जागा तुझी, भिंती माझ्या. बांधून झाल्यावर आत काय घालायचं ह्यावर आपण दोघं समोरासमोर उभे राहिलो ते शेवटपर्यंत तसेच.

तुझं आधीपासून पडवीत चाललेलंच होतं. समुद्रावर जाणारी माणसं आदल्या दिवशी फोन करायची आणि तू त्यांना जेवायला घालायचीस. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, मिळेल ती मासळी. फोनवर तू भलत्याच चौकशा करायचीस. म्हातारं माणूस आहे का बरोबर, दात आहेत का त्याला, पोरं तिखट खातात का. मी म्हणायचो, "जेवायला घालतेस की सोयरीक जुळवतेस?" पण ती माणसं दुसऱ्या वर्षी परत यायची, आणि दारातूनच हाक मारायची, काकू आहेत का. काका आहेत का असं कुणी कधी विचारलं नाही. हे मी तेव्हाच धरून ठेवलं होतं मनात. तुला सांगितलं नाही.

तुझं म्हणणं सरळ होतं. पडवीतलं गाळ्यात न्यायचं, दोन चुली वाढवायच्या, शेजारच्या रखमाला हाताखाली घ्यायचं. बोर्डसुद्धा नको. माझं म्हणणं होतं की कंपनीचं दुकान घ्यायचं. चहा, वडा, बर्गर, थंड. बोर्ड त्यांचा, माल त्यांचा, रंग त्यांचा. आपण पैसे भरायचे आणि मालक म्हणून बसायचं. मी तुला समजावत होतो ते खोटं नव्हतं, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवण्यात जन्म गेला माझा. मोठ्या कंपनीचं नाव असलेला कंटेनर ओढत आणला की गेटवरचा माणूस नुसता हात हलवून आत सोडायचा. बिननावाचा असला की रांगेतून बाहेर काढायचा, उघड म्हणायचा. आत काय आहे ते दोन्हीकडे कुणाला दिसत नसायचं. म्हणून मला वाटायचं की दुनिया नावावर चालते, मालावर नाही. आपल्याला कोण ओळखतं? कोपऱ्यातली म्हातारा-म्हातारी.

तू म्हणालीस, "मंग दाखवा तुमचं ते दुकान."

माणगावला गेलो आपण एसटीने. तू ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस, जसं काही मुलगी बघायला चाललोय. दुकान चकचकीत होतं, पोरांच्या अंगात एकसारखे शर्ट. चहा आला कागदाच्या पेल्यात. तू पेल्यात बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हा चूळ भरायला दिलाय का प्यायला?" मी डोळे वटारले. मी दुकानदाराशी धंद्याचं बोलत होतो तेवढ्यात तू मध्येच त्याला विचारलंस, "काय रे बाबा, ह्यातलं तुला काय आवडतं खायला?"

तो हसला. बिचारा खरं बोलला. "मी घरून डबा आणतो, मावशी."

परतीच्या एसटीत तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. मी चिडलो. म्हटलं, "चार माणसांत काय विचारायचं त्याची अक्कल नाही तुला."

"स्वतः खात न्हाय ते दुसऱ्याला घालायचं," तू म्हणालीस, "आनि अक्कल माझी कमी व्हय?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून मी चार दिवस तुझ्याशी तुसड्यासारखा वागलो. आता कबूल करतो, तू बरोबर बोललीस. तिथंच हसलो असतो दोघं मिळून तर कदाचित पुढचं काही झालंच नसतं.

मग कंपनीचा तो साहेब जागा बघायला आला. साहेब कसला, आपल्या प्रकाशपेक्षा लहान. जागा त्याला आवडली, गाळा मोजला, मोजमापासाठी आणि सामान आणून टाकायला चावी घेऊन ठेवली, आणि मी आगाऊ पैसेही भरून टाकले. मी त्याला जेवायला बसवलं, म्हटलं बायकोच्या हातचं खाल्लं की खूश होईल. खूश झालाच. दोनदा बिरडं मागून घेतलं. बोटं चाटताना म्हणाला, "काका, एक आहे, दुकान सुरू झालं की काकूंचं हे जेवण बंद ठेवावं लागेल. शेजारी दुसरं खाणं चालत नाही आमच्याकडे. नियम आहे."

मी म्हणालो, "होईल बंद. त्यात काय."

तू दारात उभी होतीस. हातात त्याच्यासाठीच गरम भाकरी. तू ऐकलंस, आणि तरी पुढे येऊन ती भाकरी त्याच्या ताटात वाढलीस. मला ते चित्र रोज दिसतं. तू परत फिरली असतीस, दार आपटलं असतंस, तर मला तरी राग धरता आला असता.

तो गेल्यावर तू विचारलंस, "मंग मी काय करू?"

मी म्हटलं, "आराम कर."

देवाशपथ सांगतो, मला वाटलं मी तुला काहीतरी देतोय. मी महिनामहिना बाहेर, आणि तू शेत, गुरं, माझी आई, प्रकाशची शाळा, सगळं ओढलंस. मी घरी आलो की पहिलं ताट वाढायचीस. काय खाल्लंत इतके दिवस असं कधी विचारलं नाहीस, नुसती वाढत राहायचीस, आणि माझं पोट भरलं हे मला कळायच्या आधी तुला कळायचं. तेव्हा हात मागे घ्यायचीस. त्या बाईला मी म्हातारपणी आराम देतोय अशा तोऱ्यात मी तो शब्द टाकला. तुला ऐकू आलं ते वेगळं, तुझा हात आता नको. आणि खरं सांगू का, तुला जे ऐकू आलं तेच मी बोललो होतो.

तुला कधी न सांगितलेलं आता लिहितो. तोंडाने झालंच नसतं. कंटेनरच्या नावाची गोष्ट खरी, पण अर्धी. उरलेली अर्धी बोर्लीच्या बाजारातली. पडवीत गर्दी असली की मी ताटं उचलायचो, पाण्याचा जग फिरवायचो. ते कुणीतरी बघितलं. बाजारात चहाच्या टपरीवर एकजण मला म्हणाला, "काय डायवर, म्हातारपणी बायकोच्या हाताखाली का?" सगळे हसले, मीपण हसलो. पण ते शब्द कुसळासारखे आत राहिले. तुझ्या खानावळीत मी कोण असणार होतो? कंपनीच्या दुकानात निदान खुर्ची होती. एका खुर्चीपायी मी तुझी चूल विझवायला निघालो होतो, आणि तुला मात्र सांगत होतो की जग नावावर चालतं.

सही तुझी लागणार होती. तू म्हणालीस, "देवीचा कौल घ्या. ती सांगंल तसं."

मी गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली आणि म्हणाला, "काय गाऱ्हाणं घालू?" मी सांगितलं, "कंपनीचं दुकान घालतोय, चालेल का विचार." त्याने घातलं. थोड्या वेळाने उजवं फूल पडलं. मी नारळ ठेवला आणि उड्या मारत घरी आलो.

"दिला कौल! उजवा दिला. कर आता सही."

तू चुलीपाशी होतीस. म्हणालीस, "काय विचारलंत?"

मी सांगितलं.

"आनि माझं?"

"तुझं काय?"

"माझी खानावळ चालंल का, हे न्हाय विचारलंत?"

मी म्हटलं, "देवीला काय दहा वेळा विचारायचं असतं? हो म्हणाली ती."

तू फुंकणी खाली ठेवलीस. "तुमचं चालंल का विचारलंत, चालंल म्हनली. माझं चालनार न्हाय असं कुटं म्हनली ती? मंगळवारी परत जा. नारळ मी देते. माझं विचारा."

जायला काय होतं मला? देऊळ चार पावलांवर. पण मला भीती वाटली. फूल तुझ्यासाठीही उजवंच पडलं असतं तर मी काय बोललो असतो? म्हणून मी आवाज चढवला. चढवून म्हणालो, "तूच अडून बसलीयेस मधे. तू बाजूला झालीस ना, तर एका दिवसात होईल सगळं!"

 भाकरी करपली होती, ती काढलीस आणि स्वतःच्या ताटात घेतलीस.

मंगळवार आला, गेला. मी देवळाकडे फिरकलो नाही. आठवडाभर आपण घरात दोन भाडेकरूंसारखे वावरलो. आणि मग ते वाल, आणि "करते सही", आणि दुसऱ्या दिवशी तू बाजूला झालीस.

लोक म्हणतील, बोलण्याने कुणी मरत नाही. मलाही कळतं ते. डॉक्टर म्हणाले हृदय, तर हृदय. पण नवरा-बायकोत शेवटचं मोठं वाक्य कुठलं झालं, हे राहतंच ना. आणि ते वाक्य परत घ्यायला मला आठवडा होता. वाल सोलतानासुद्धा घेता आलं असतं. तुझ्यासमोर पाटावर बसलो होतो. "बरं" म्हणण्याऐवजी "नको करू सही" म्हणायला तेवढाच वेळ लागला असता.

तुला नेऊन आलो त्या दिवशी मी गुरवाला गाठलं. आल्या-गेल्यांत तोही होता. म्हटलं, "बाबा, तिचं एक गाऱ्हाणं राहिलंय. घालशील का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "सुतक हाय तुमाला, डायवर," हळूच म्हणाला. "आनि मेलेल्या मानसाच्या धंद्याचं मी देवीला काय विचारू?"

बरोबर होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल पेटलेली नव्हती. रखमा टोपलीत भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आली. प्रकाश आणि पाहुणे आत होते, मी ओट्यावर. ती माझ्यापुढे ताट ठेवून तिथंच भिंतीला टेकली. डोळे सुजलेले. मी विचारलं, "रखमा, वयनी तुझ्याजवळ काही बोलली का? सही करते म्हणाली मला. मनापासून म्हणाली का?"

 रखमाने पदराने नाक पुसलं आणि ती धडाधड बोलली. "मनापासून कशाला म्हनंल ती? मी भांडले तिच्याशी. म्हटलं, वयनी, हे काय, आपलं सगळं ठरलेलं. तर म्हनली, ह्यांचं उतरलेलं तोंड बघवत न्हाय मला. नोकरी सुटल्यापासून ह्यांना बसायला जागाच राहिली न्हाय. बसू दे मालक म्हनून कुटंतरी."

मी म्हटलं, "तुमचं काय ठरलं होतं?"

"तुमी कवा विचारलंत?" रखमा म्हणाली. "आत चुलीवर आमी दोघी. भायेर दारात तुमी, गल्ल्यावर. म्हनायची, ह्यांचा जन्म गेला गाडीत एकट्याचा. येनाऱ्या-जानाऱ्याशी बोलू दे पोटभर. मी रांधते, मानसं हे सांभाळतील. तुमाला ताटं उचलू द्यायची न्हवती ती. त्या बाजारातल्या मेल्याचं बोलनं तिच्या कानावर आलं होतं."

ताट माझ्यापुढे तसंच होतं. तुला ठाऊक होतं. मला वाटत होतं मी लपवलंय.

तेवढ्यात कंपनीच्या साहेबाची गाडी दारात थांबली. त्याला कुणीतरी कळवलं होतं. चांगला पोरगा, वाईट बोलवत नाही मला त्याच्याबद्दल. माझे दोन्ही हात धरले, तुझं बिरडं आठवून त्याचे डोळे भरले. मग शेजारी बसून मला धीर द्यायला म्हणाला, "काका, दुकानाची काळजी करू नका. वारसाचे कागद झाले की तुमच्या आणि मुलाच्या सहीवर होईल. आता उलट सोपं आहे."

प्रकाश आतून आला. तोपण म्हणाला, "बाबा, आईने हो म्हटलंच होतं. तुम्हीच सांगितलंत ना मला फोनवर."

सांगितलं होतं. वालाची सालं हाताला चिकटलेली असताना सांगितलं होतं.

मी साहेबाला म्हटलं, "गाळ्याची चावी दे."

"काका?"

"तू पोटभर जेवलास ना तिच्या हातचं? मग समज. तिथं तुमचं दुकान होणार नाही. भरलेले पैसे नियमात बसत असतील तर दे, नसतील तर ठेव. चावी दे."

प्रकाश म्हणाला, "बाबा, शुद्धीवर या. मग करणार काय त्या गाळ्यात? आई नाही आता." हे त्याचं खरं होतं. रखमा दारातून बोलली, "मी हाय. पन वयनीच्या हातची चव मागायची न्हाय कुनी."  मलाही ठाऊक नाही, चालेल की बसेल. तू असतीस तर चाललं असतं, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे, कौल न घेता.

साहेबाने चावी दिली. त्यांचं काउंटर आणि बोर्ड गाळ्यात आधीच येऊन पडलं होतं, ते त्याच्या ड्रायव्हरबरोबर मी आणि प्रकाशने बाहेर काढून भिंतीला लावलं, टेंपो येऊन नेईल म्हणून. गाडी गेली. मी गाळा झाडला. मला झाडता येत नाही, कोपरे राहिले. घरातली सतरंजी आणून अंथरली. तुझ्या माहेरची माणसं एसटीतून उतरून येत होती, त्यांना मी घराकडे जाऊ दिलं नाही, तिथंच बसवलं. शटरच्या तोंडाशी पाट टाकला आणि दुपारपर्यंत येईल त्या माणसाशी तुझ्याबद्दल बोलत बसलो.